गोणीभर मोबाइलची एक वाटी

माघ महिन्यात मी जालना जिल्ह्यात आठवडाभर राहून आले. आल्यापासून आमच्या चिपळूणच्या आळीत जो भेटेल त्याला तिकडचीच हकिकत सांगत सुटले होते. आता ऐकायला कोणी उरलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

निघायच्या आधी शेजारणींनी विचारलं होतं, "जालन्याला? तिकडे बघायला काय आहे?" मी म्हटलं, "भाचीचं लग्न आहे, आणि जुन्या मोबाइलमधून सोनं काढायचं आहे." पहिल्या कारणावर त्यांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्यावर पोट धरून हसल्या. मला मात्र दुसऱ्या कारणाचीच जास्त ओढ होती. माझं सगळं आयुष्य कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेलं. पोरांना क्षार ओळखायला शिकवले, हजारो परीक्षानळ्या विसळून घेतल्या, पण सोनं म्हणाल तर ते फक्त माझ्या हातातल्या बांगड्यांतच पाहिलेलं.

भानगड अशी होती. माझी धाकटी बहीण सुषमा शाळेतल्या नोकरीच्या निमित्ताने घनसावंगी तालुक्यात गेली, ती तिकडचीच झाली. तिचे यजमान रामकिसनराव यांचं तीर्थपुरीच्या बाजारात दुरुस्तीचं दुकान आहे. आधी तिथे रेडिओ यायचे, मग टीव्ही आले, आता मोबाइल आणि कॉम्प्युटर येतात. दुरुस्त न होणारी वस्तू गिऱ्हाईक तिथेच सोडून जातं, आणि रामकिसनरावांच्या हातून कुठलीही वस्तू फेकली जात नाही. त्यांच्या माडीवर मेलेल्या यंत्रांचा असा काही ढीग साठला होता, की सुषमा त्याला 'स्मशानभूमी' म्हणायची.

त्यांच्या प्रणिताचं लग्न ठरलं आणि सुपारी फुटली, त्या बैठकीत रामकिसनरावांना जोर चढला. मंगळसूत्रात दोन वाट्या असतात, एक सासरची आणि एक माहेरची. माहेरची वाटी बापाने द्यायची. भर बैठकीत, व्याह्यांसमोर, हे गृहस्थ म्हणाले, "मपल्या पोरीची वाटी मपल्या दुकानातल्या सोन्याची व्हईल. त्यात विकतचं गुंजभर बी घालणार न्हाई." व्याही मिशीत हसले आणि म्हणाले, "बघू की." त्या 'बघू की'ने रामकिसनरावांची झोप उडाली. लग्न जवळ येताच मला फोन आला, "ताई, तुम्ही केमिस्ट्रीवाल्या हाव. जल्दी या. मह्या नाकाचा सवाल हाय."

जालना

स्टेशनवर रामकिसनराव टेम्पो घेऊन आले होते. मागे तोंड बांधलेली गोणी होती आणि तिच्यावर हात ठेवून प्रणिता बसली होती, नवरी मुलगी, हातात मेंदीच्या ऐवजी पक्कड. गेले कित्येक महिने बापलेक मिळून कॉम्प्युटरच्या पट्ट्यांवरच्या पिवळ्या पिना आणि कडा कापून गोळा करत होते. घरभर पिना टोचतात म्हणून सुषमा स्वयंपाकघरातही चपला घालून वावरते असं कळलं.

चिपळूणहून आलेल्या माणसाला जालना आधी डोळ्यांत भरतं ते त्याच्या आकाशामुळे. आमच्याकडे आकाश झाडांच्या फटींतून तुकड्यातुकड्याने दिसतं, इथे ते पसरलेलं असतं आणि त्याला कारखान्यांची धुराडी टेकवलेली असतात. रस्त्याने भंगाराचे ट्रक एकामागून एक चालले होते. वाकडे पत्रे, सायकलींचे सांगाडे, कोणाच्या तरी घराची खिडकी. रामकिसनरावांनी अभिमानाने हात फिरवला. "देशभराचं भंगार हितं येतं ताई, अन् सळई होऊन जातं. मंग मह्या भंगारातून वाटी काहून न्हाई व्हणार?"

सराफ्याच्या मागच्या बोळात एक गलाईवाले होते. गलाई म्हणजे सोनंचांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा. भारतात कुठल्याही गावी जा, हा धंदा करणारा माणूस सांगली जिल्ह्यातलाच निघतो, तसे हेही विट्याकडचे निघाले. मी पर्समधून प्रयोगशाळेतला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, रबरी हातमोजे घातले आणि रामकिसनराव व प्रणितालाही घालायला लावले. त्या बोळातून जाणारा प्रत्येक माणूस थांबून आमच्याकडे बघून जात होता. मी धुराडं चालू आहे की नाही ते पाहिलं, अॅसिडच्या बाटल्या कुठे ठेवतात आणि उरलेल्या अॅसिडचं काय करतात तेही विचारलं. गलाईवाले म्हणाले, "बाई, तुम्ही तपासायला आलाय का गाळायला?"

तरी माणूस रसिक होता. एकेक पायरी मला दाखवत गेला. पिनांवरचं सोनं म्हणजे नुसता मुलामा, कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ. आधी एका अॅसिडात तांबं आणि लोखंड विरघळवायचं, मग उरलेले सोनेरी पापुद्रे दुसऱ्या जहाल मिश्रणात विरघळवायचे. मिश्रण पिवळंजर्द झालं तेव्हा मी खरोखर टाळ्या वाजवल्या. वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेलं समीकरण माझ्यासमोर काचेच्या भांड्यात हलत होतं, आणि मला आनंदाने वेड लागायचं तेवढं बाकी होतं.

मग त्यांनी त्यात एक पूड टाकली. थोड्या वेळाने तळाशी गाळ बसला. रामकिसनराव भांड्यात वाकून बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे सोनं हाय?"

"सोनंच," गलाईवाले म्हणाले.

"पण हे तर तपकिरी हाय. माती दिसून राह्यली."

मी समजावलं, की इतकी बारीक पूड असली की सोनं असंच दिसतं, गाळलं की पिवळं होतं. त्यांचा विश्वास बसला नाही, पण बायकोच्या ताईला खोटं पाडणं बरं दिसेना, म्हणून नुसती मान डोलावली.

मी गलाईवाल्यांना सरळ विचारलं, "हे सगळं परवडतं का हो?" त्यांनी कानामागचं पेन काढून डोकं खाजवलं. "असं हाय बघा बाई. ट्रकभर माल आला तर परवडतं. गोणीभर आला तर अॅसिड, गॅस आणि माझी मजुरी जाऊन हातात उरतं ते एवढंच. वर धूर खायचा. बाजारात जाऊन तेवढं सोनं घेतलं असतं तर आत्तापर्यंत घरी जाऊन जेवला असता." प्रणिता खुदकन हसली. रामकिसनराव म्हणाले, "जेवन काय रोजच हाय."

पूड कितीतरी पाण्यांनी धुऊन, वाळवून गलाईवाल्यांनी विचारलं, आत्ताच गाळून देऊ का? रामकिसनरावांनी साफ नकार दिला. त्यांच्या घरची रीत अशी, की मंगळसूत्राचं सोनं नवरीच्या डोळ्यांदेखत, घरच्या अंगणात गाळायचं. तीर्थपुरीचे डहाळे सोनार शेगडी घेऊन घरी येणार होते, नवरीने चिमूटभर हळद टाकायची आणि मग सोनं वितळायचं. गलाईवाल्यांनी पूड कागदाच्या पुडीत बांधून दिली. पुडी फाटेल म्हणून रामकिसनरावांनी खिशातून एक छोटी पत्र्याची चपटी डबी काढली, तिच्यातले स्क्रू खिशात ओतले आणि पूड डबीत भरली. मी त्या डबीकडे नीट पाहिलं नाही, इथेच सगळं चुकलं.

तीर्थपुरी

वाटेत दुतर्फा ज्वारी आणि मोसंबीच्या बागा. शेताच्या कडेला हुरडा भाजत बसलेल्या अनोळखी लोकांनी टेम्पो हात करून थांबवला आणि आम्हाला बसवून घेतलं. आमच्याकडे अनोळखी माणसाला आधी 'कोणाकडे जायचंय' असं विचारतात, त्याचं उत्तर पटलं तर पाणी देतात. इथे तळहातावर गरम हुरडा आणि लसणाची चटणी पडल्यावर मग विचारलं, कोण गावचे? मी चटणी चांगली तीनदा घेतली आणि नंतर डोळे पुसत बसले.

घरी दारातच रामकिसनरावांच्या आई कोंडाबाई भेटल्या. बारीक, ताठ, नाकात चमकी, कपाळावर मोठं गोंदण. यांच्या घराण्याची पूर्वी मेंढरं होती आणि लहानपणी त्या मेंढरांमागे गोदाकाठ तुडवत फिरल्या होत्या. आवाज अजून माळावरून हाक मारावी असाच. मला मिठी मारून म्हणाल्या, "आलीस का माय. मासे न्हाईत हं हितं." मग घर भरून हसल्या आणि बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वांग्याचं भरीत माझ्यासमोर ठेवलं.

कोंडाबाईंच्या दोन गोष्टी अख्ख्या तीर्थपुरीला ठाऊक आहेत. एक म्हणजे त्यांची मिसरी. सकाळ झाली की अंगणातल्या नहाणीच्या दगडावर बसायचं आणि भाजलेल्या तंबाखूची ती पूड दातांना घासत गावाची खबर घ्यायची. मिसरीच्या पत्र्याच्या डब्या रिकाम्या झाल्या की घरात त्यांचं काहीही होतं. एकीत बिया, एकीत सुया, दुकानात तर सगळे स्क्रू आईच्या डब्यांतच.

दुसरी गोष्ट मण्याची. रामकिसनराव लहान असताना कोंडाबाईंच्या गळ्यातलं डोरलं तुटलं होतं. सगळे मणी सापडले, एक सोन्याचा सापडला नाही. तो त्यांच्या माहेरचा होता, आईने दिलेला. नेमकं त्याच आठवड्यात रामकिसनरावांनी गावातला एक बंद रेडिओ नवे पार्ट घालून चालू केला. झालं. तेव्हापासून रोज सकाळी त्या दगडावर, आणि पाहुणा आला की चहाआधी ही गोष्ट व्हायची. मलाही सांगितलीच. "मपला मणी ह्यानं इकला अन् रेडूचे पार्ट आणले." रामकिसनराव सवयीने म्हणाले, "माय, म्या न्हाई इकला." "इकला." "न्हाई इकला." दोघं हसत होते. पण नंतर दुकानात चहा पिताना रामकिसनराव मला म्हणाले, "ताई, गम्मत म्हणून सगळे हसतेत. मला अजून लागतं ते. पार्ट म्या एका मास्तरची सायकल रोज पुसून मिळवल्ते." हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

संध्याकाळी डबी देवळीत, देवाच्या पायाशी ठेवली. सकाळी डहाळे सोनार येणार होते.

अंगण

सकाळी मला जाग आली ती कोंडाबाईंच्या आवाजाने. "आरं ह्या तंबाखूवाल्याला काही लाज हाय का न्हाई! मिसरीत माती घालून देतो मेला! चव न्हाई, वास न्हाई, दाताला चिकटून बसती!"

मी धावत अंगणात गेले. कोंडाबाई नहाणीच्या दगडावर बसल्या होत्या आणि मिसरीची समजून देवळीतून उचललेली ती चपटी डबी रागारागाने झटकत होत्या. शेवटची चिमूट हवेत उडाली आणि अंगणभर पसरली. मग त्या जोरात थुंकल्या.

मागून रामकिसनराव आले, त्यांनी डबी ओळखली. "माय, ते सोनं व्हतं."

कोंडाबाईंची जीभ दातांवरून फिरली आणि थांबली. "कुठलं सोनं?"

"प्रणीच्या वाटीचं."

मी त्यांना आधी भराभर चुळा भरायला लावल्या, आणि त्या चुळाही तांब्यात धरल्या. मग सुषमा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, काय खाल्लं म्हणता? मग म्हणाले भरपूर पाणी पाजा, दोन दिवस लक्ष ठेवा, आणि ही मिसरी काही चांगली नाही, ती सोडा. कोंडाबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "इतकी वर्सं सोडली न्हाई, आन् आता सोन्याची मिळाली तर सोड म्हनतोस."

पण घरी आल्यावर त्यांचा नूर उतरला. कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसल्या. "मह्याच हातानं पोरीचं सोनं मातीत गेलं." प्रणिता आजीला मिठी मारून बसली, रामकिसनराव ओट्यावर दोन्ही हात डोक्याला लावून बसले, आणि लग्न चार दिवसांवर आलेलं. मला खरंच रडू येत होतं, आणि त्याच वेळी हसूही आवरत नव्हतं, त्यामुळे मी स्वयंपाकघरात जाऊन दोन्ही उरकून घेतलं.

तेवढ्यात डहाळे सोनार आपली शेगडी घेऊन आले. त्यांनी सगळं ऐकलं, अंगण पाहिलं आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे ओरडले, "कोणी पाऊल टाकू नका! उस्मानभाईला बोलवा!"

उस्मानभाई शहागडचे झारेकरी. सोनारांच्या दुकानातला केर विकत घेऊन, नदीत धुऊन, त्यातले सोन्याचे कण काढायचे हा त्यांचा पिढ्यानपिढ्यांचा उद्योग. फोनवर सगळं ऐकल्यावर ते म्हणाले, "अंगन झाडून ठेवा. वरची माती खरवडा, पोत्यात भरा. कोई चप्पल घालून बाहेर जाऊ नका. मैं आया."

मग त्या घरात जे चाललं ते मी जन्मात विसरणार नाही. झाडू, खुरपी, सुपं घेऊन आम्ही सगळे उकिडवे बसून अंगण गोळा करत होतो. नहाणीच्या दगडाभोवतीची माती तर वीतभर खोल खणली. कोंबड्या डालग्याखाली कोंडल्या. येणाऱ्याजाणाऱ्याच्या चपला बाहेर पडताना सुपात झटकून घेतल्या जात होत्या. आणि या सगळ्याच्या मधोमध, साड्यांचा गठ्ठा काखेत धरून, व्याही आले! कोणी अडवायच्या आत ते सरळ अंगणाच्या मध्यात येऊन उभे राहिले.

सुषमाने क्षणाचाही विलंब केला नाही. परात आणली, व्याह्यांना पाटावर बसवलं, त्यांचे दोन्ही पाय कोमट पाण्याने चोळूनचोळून धुतले, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. व्याह्यांचे डोळे भरून आले. "वैनी, असा मान मला कुठं मिळाला न्हाई." प्रणिता तोंडात ओढणी कोंबून आत पळाली. परातीतलं पाणी मी जपून बादलीत ओतलं.

शहागड

दुसऱ्या दिवशी टेम्पोत मातीची पोती, चुळांचं आणि पायांचं पाणी साठवलेली बादली, आम्ही सगळे आणि वर भाकऱ्यांचं गाठोडं असे शहागडला निघालो. कोंडाबाई हटून बसल्या की मीही येणार. वाटेत जांब समर्थच्या देवळात उतरल्या, हात जोडून काहीतरी पुटपुटल्या आणि बाहेर आल्यावर आम्हाला म्हणाल्या, "इचारू नका काय मागितलं."

शहागडला महामार्गावर ट्रकांची रांग आणि खाली गोदावरी, रुंद, शांत, काठावर चिखलाच्या भेगा. आमच्या वाशिष्ठीला सतत कुठेतरी जायची घाई असते, ही नदी मात्र ऐसपैस बसून होती. उस्मानभाई लुंगी खोचून, हातात लाकडी पाटी घेऊन उभे होते. त्यांनी मातीची एक मूठ घेतली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

"सोनं हाय. मी वासावरून सांगतो. मपला आजा निजामाच्या टाइमला मोरीतलं सोनं सुंघून काढायचा."

पहिल्या पाटीत पितळी स्क्रू निघाला आणि शर्टाचं बटण. दुसऱ्या पाटीत पिनेचा तुकडा. "वास पितळेचा आलाता का?" कोंडाबाईंनी विचारलं. उस्मानभाई अजिबात ओशाळले नाहीत. "आज्जी, ये तो ट्रेलर हाय."

मग त्यांनी खिशातून पाऱ्याची बाटली काढली आणि माझा पारा चढला. मी सांगितलं, पारा नदीत जाणार असेल तर मी इथून उठून जाईन आणि पोती घेऊन जाईन. बराच वेळ आमची जुंपली. त्यांच्या मते पाऱ्याशिवाय बारीक सोनं निसटणार. माझ्या मते नदीतलं पाणी पोरं पितात. शेवटी त्यांनी बाटली खिशात टाकली. "बिलकुल जिद्दी बाई हाय. निसटलं तर मला बोलू नका." आणि खरंच थोडं निसटलंच असणार, हे मी मान्य करते.

पण त्या माणसाचा हात बघण्यासारखा होता. पाटी पाण्यावर अशी काही झुलवायची, की माती अलगद वरून निघून जाते आणि जड ते खाली राहतं. पाटीमागून पाटी. वर ट्रकवाले पुलाच्या कडेला थांबून विचारत होते, काय हरवलं? "वाटी!" प्रणिता ओरडून सांगायची. दुपारपर्यंत उस्मानभाईंच्या कटोऱ्यात तळाशी तपकिरी गाळ जमू लागला. भाकरी, ठेचा आणि दही खाल्लं. रामकिसनरावांनी मात्र घासही खाल्ला नाही.

शेवटचं पोतं नहाणीच्या दगडापाशी खोल खणलेल्या मातीचं होतं. उस्मानभाईंनी पाटी झुलवली, थांबले, परत झुलवली आणि बोटाने काहीतरी वेगळं काढलं. ज्वारीच्या दाण्याएवढं, मळलेलं. त्यांनी ते लुंगीला पुसलं आणि उन्हात धरलं.

"ये मोबाइलचं न्हाई," ते म्हणाले.

तो मणी होता. सोन्याचा, मधे भोक असलेला.

कोंडाबाई उठल्या. उस्मानभाईंच्या तळहातावरून त्यांनी तो उचलला, बोटांत फिरवला, डोळ्यांजवळ नेला. ज्या दगडावर बसून त्या रोज सकाळी मुलाला चोर ठरवायच्या, त्याच दगडाखाली तो पडलेला होता.

रामकिसनरावांना ते कळायला एक क्षण लागला. मग त्या धिप्पाड माणसाने अशी आरोळी ठोकली, की काठावरचे बगळे उडाले. "म्या न्हाई इकला! माय, म्या न्हाई इकला!" ते चपलांसकट गुडघाभर पाण्यात शिरले आणि पुलावरच्या ट्रकवाल्यांना हात वर करून सांगू लागले, "ओ भाऊ! म्या मणी न्हाई इकला!" ट्रकवाल्यांनी काहीएक न समजता हॉर्न वाजवले. एकाने वाजवला, दुसऱ्याने वाजवला, मग सगळ्या रांगेने वाजवला. मी आणि सुषमा एकमेकींना धरून हसत होतो आणि आमची तोंडं अश्रूंनी भिजली होती. घरी येईपर्यंत मणी कोंडाबाईंच्या मुठीत होता.

पुन्हा तीर्थपुरी

डहाळे सोनारांनी अंगणात, म्हणजे आता उरलेल्या खड्ड्यात, शेगडी मांडली. प्रणिताने हळदीची चिमूट टाकली. मुशीत तपकिरी पूड तापली, लाल झाली, आणि पाहतापाहता तिचा पिवळा थेंब झाला. रामकिसनराव हळूच माझ्या कानात म्हणाले, "ताई, तुम्ही बराबर म्हनल्ता." मी मोठेपणाने मान हलवली.

डहाळ्यांनी थेंब तोलला आणि मान नकारार्थी हलवली. "थोडं कमी पडतंय. एवढ्यात वाटी व्हणार न्हाई. मी घालतो मपलं चिमूटभर, कोणाला कळतंय?"

"न्हाई," रामकिसनराव म्हणाले. "जबान दिली हाय. दुकानातलंच सोनं पायजे."

कोंडाबाई पुढे आल्या, मूठ उघडली आणि मणी मुशीत टाकला.

"माय! ते तुपल्या माहेरचं हाय! दुकानातलं न्हाई!"

"काहून न्हाई?" कोंडाबाई म्हणाल्या. "इतकी वर्सं मी काय सांगत व्हते? ह्या मण्याचे पार्ट आणले आन् त्यावर तुपलं दुकान उभं राह्यलं. मंग झाला का न्हाई तो दुकानाचा?" आणि मग, सगळ्यांदेखत, आवाज अगदी बारीक करून, "चुकलं मपलं, लेका."

रामकिसनरावांनी आईच्या पायांवर डोकं ठेवलं. मणी वितळून थेंबात मिसळला, आणि कुठला थेंब कुठे संपतो ते सांगता येईना.

लग्न थाटात झालं. मांडवात व्याही रामकिसनरावांच्या शेजारी बसले, प्रणिताच्या गळ्यातली वाटी निरखून पाहिली, आणि मिशीत हसत मोठ्याने विचारलं, "मंग भाऊ, खरं सांगा. इतका खटाटोप केला, परवडलं का?"

मला गलाईवाल्यांचं उत्तर आठवलं. अॅसिड, गॅस, मजुरी, टेम्पोचं डिझेल, उस्मानभाईंचा मेहनताना, खणलेलं अंगण. रामकिसनरावांनी तोंड उघडायच्या आतच मागून कोंडाबाईंचा आवाज आला, मांडवभर ऐकू जाईल असा.

"परवडलं म्हंजे! पोरीची वाटी झाली. पोरावरचा आळ गेला. तुमचे पाय सोन्यासाठी धुतले गेले, ते तुम्हाला मान वाटले. आन् मेल्यावर तोंडात सोन्याचा तुकडा ठेवतेत ना, त्याचा खर्चा वाचला. मपलं जितेपनीच खाऊन झालं!"

व्याह्यांनी आधी कोंडाबाईंकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे.